सिस्टीमला शिव्या घालून दमला असाल तर… एका झेरॉक्सवाल्याचा सल्ला

माझं सांगलीत गावभागाच्या बाजूला झेरॉक्सचं दुकान आहे, छोटंसंच, एक मशीन, एक लॅमिनेशन आणि बाहेर एक बाकडं. त्या बाकड्यावर सकाळी सातपासून माणसं बसलेली असतात आणि तिथनं रोज देश चालतो. रस्ता उखडला, सिस्टीम खराब. पाणी गढूळ आलं, सिस्टीम खराब. पोराला नोकरी नाही, सिस्टीम. एकदा एकाच्या चहात माशी पडली तर तोपण म्हणाला सगळी सिस्टीमच सडलीय. मी काय वेगळा नव्हतो, उलट सगळ्यात मोठा आवाज माझाच, कारण दुकान माझं, मला उठून जायचं नसतं.

पण झेरॉक्सवाल्याला एक गोष्ट दिसते जी बाकड्यावरच्यांना दिसत नाही. गावातले अर्ज आमच्या हातातनं जातात. कुठला माणूस स्मरणपत्र घेऊन परत परत येतो आणि कुठला एकदा येऊन गायब होतो, म्हणजे त्याचं काम झालं, हे चौदा वर्षांत मला कागद काचेवर ठेवतानाच कळायला लागलंय. दोन पानी अर्ज, वर ‘निष्क्रिय प्रशासनाचा जाहीर निषेध’, खाली पंधरा मागण्या, हा भाऊ दोन महिन्यांनी परत येणार म्हणजे येणारच. अर्धं पान, ‘अमुक गल्लीतील पोल नंबर अमुक, दिवा ८ तारखेपासून बंद’, हा परत येत नाही. येतो, पण पोराच्या दाखल्याला.

तर माझं म्हणणं एवढंच की शिव्या बंद करू नका, पण शिवी कापून लहान करा. कापत कापत तुमच्या हाताला लागेल एवढी करा. कशी, ते सांगतो, माझ्याच ढिगाचं उदाहरण घेऊन.

शिवी कागदावर उतरवा

आमच्या गल्लीच्या तोंडाला डीपी आहे, म्हणजे विजेची पेटी, आणि डीपीच्या पायाशी कचऱ्याचा ढीग. माझी शिवी होती ‘या देशात काय होणार नाही’. बरं, देश सोडा. मग आली ‘या शहरात कोण कामच करत नाही’. हेपण लई मोठं. मग ‘आमच्याकडं कचराच उचलत नाहीत’. हे थोडं जवळ आलं पण खोटं होतं, कारण घंटागाडी येते, मी स्वतः रोज गाणं ऐकतो तिचं. शेवटी वहीत लिहिलं, ‘डीपीखाली रोज सकाळी ढीग असतो’. बास. यात जागा आहे, वेळ आहे, वस्तू आहे. जोपर्यंत या तीन गोष्टी वाक्यात येत नाहीत तोपर्यंत कापत राहायचं.

हे सोपं वाटतं पण करून बघा, जीव कासावीस होतो. मोठ्या शिवीत एक मजा असते, ती सगळ्यांना लागते आणि आपल्याला लागत नाही. लहान केली की ती वळून आपल्याकडं बघायला लागते.

आठ दिवस नुसतं बघा, काय करू नका

लोक इथंच घाई करतात. डोक्यात आलं की ग्रुपवर मेसेज, रविवारी झाडू घेऊन फोटो, पुढच्या रविवारी कोण नाही. त्यापेक्षा आठ दिवस वही घेऊन बसा. किती वाजता पडतो, कोण टाकतं, काय टाकतं. नावं लिहू नका, भांडणं होतात, नुसत्या खुणा करा.

आता मी वही काढायच्या आधीच जे झालं ते सांगतो, नाहीतर मी लई शहाणा वाटेन. एका सकाळी कुत्र्यांनी पिशवी फाडलेली आणि एक कागद उडत माझ्या पायरीला येऊन चिकटला. उचलला तर आधार कार्डची झेरॉक्स. अर्धी काळी, टोनर संपत आला की येते तशी, आणि वर पेनानं फुली, ती माझ्याच हातची, खराब निघालेल्या कॉपीवर मी फुली मारतो. गल्लीतल्याच एका मावशींचं आधार, फोटो, पत्ता, बाराच्या बारा आकडे, आणि वर वांग्याच्या भाजीचा रस्सा. मी आत जाऊन डस्टबिन बघितलं, रिकामं. रात्री दुकान बंद करताना कामाला असलेलं पोरगं ते कुठं रिकामं करतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणजे वर्षभर मी ज्या ढिगावरनं सगळ्यांची आई-बहीण काढत होतो त्यात माझा माल होता.

(जाता जाता, मास्क्ड आधार म्हणून एक प्रकार असतो, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, डाऊनलोड करताना तो पर्याय येतो. जिथं चालतं तिथं तोच द्या. आणि खराब झालेली कॉपी झेरॉक्सवाल्याकडनं मागून घ्या, लाजू नका, मी सांगतोय ना.)

वहीत आठ दिवसांनी काय निघालं? आम्ही सगळे छातीठोक सांगायचो की बाहेरची लोकं येऊन टाकतात. आठ दिवसांत बाहेरचा एकच, टू-व्हीलरवरनं पिशवी भिरकावून गेलेला. बाकी सगळं आपलंच. दोन वेळा होत्या, सकाळी साडेसहा ते आठ आणि रात्री साडेनऊनंतर. घंटागाडी यायची नऊ-सव्वानऊला. गल्लीत एकेचाळीस घरं, त्यातली एकोणीस आठच्या आत कुलूप लावून कामावर, कोण एमआयडीसीत, कोण मार्केट यार्डात, कोण शाळेत. आता त्यातल्या एखाद्या बाईनं डब्यातला ओला कचरा संध्याकाळपर्यंत घरात कुजत ठेवायचा का? ती डीपीखाली ठेवते, गाडी आली की उचलतील म्हणून. तिच्या डोक्यात ती कचरा टाकतच नाही, ‘ठेवते’. कुत्री वाट बघत नाहीत एवढंच.

हे कळलं की शिव्या द्यायला माणूसच उरत नाही. लई रिकामं रिकामं वाटतं दोन दिवस.

आपला वाटा आधी

वहीच्या पानावर मधे रेघ मारा. एका बाजूला आपल्या हातातलं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या हातातलं. आपली बाजू आधी, आणि ती कोणाला न सांगता.

माझ्या बाजूला तीन गोष्टी होत्या. खराब कॉप्या आता चार तुकडे करून वेगळ्या पोत्यात, महिन्याला रद्दीवाल्याकडं. कागदी चहाचे कप, दिवसाला पंचवीस-तीस, त्यांना आतनं प्लॅस्टिकचा पातळ थर असतो म्हणून ते रद्दीतपण जात नाहीत आणि कुजतपण नाहीत. चहावाल्याला सांगितलं काचेचे ग्लास आण नाहीतर चहा बंद. तो दोन दिवस कुरकुरला, आता आणतो. तिसरं घरचं ओलं.

ओल्याचं जरा सविस्तर सांगतो कारण इथं माझी फजिती झालेली. रंगाची वीस लिटरची बादली घेतली, बुडाला आणि बाजूनं भोकं पाडली, आणि नुसता कचरा ओतत गेलो. पाचव्या दिवशी वास असा की बायको म्हणाली एकतर बादली घरात राहील नाहीतर तू. चूक अशी की ओल्याच्या जोडीला सुकं पाहिजे. आता तळाला चार बोटं वाळका पाला, किंवा उसाचं पाचट बारीक करून, आपल्याकडं त्याला काय तोटा नाही. वर एक डबा ओला कचरा, त्यावर तेवढाच डबा सुका पाला, परत ओला, परत सुका. सुरवातीला वाटीभर आंबट ताक किंवा मूठभर जुनं शेणखत टाकलं की लवकर लागू पडतं. दोन-तीन दिवसांनी काठीनं खालवर करायचं, हवा लागली की वास येत नाही. ओल बघायची तर मूठभर घेऊन दाबायचं, पाणी गळलं तर पाला वाढवा, भुगा होऊन सुटलं तर पाणी शिंपडा. हाडं, मटणाचं उरलेलं, तेलकट रस्सा नको. अळ्या दिसल्या तर घाबरून फेकू नका, वर सुक्याचा जाड थर द्या. दीड-दोन महिन्यांनी काळं, मोकळं, पावसाच्या मातीसारखा वास येणारं खत होतं. आमच्या सहाजणांच्या घरात आता बाहेर जायला रोजचं मूठभरच उरतं.

नियमपण हेच सांगत आलाय बरं का, २०१६ च्या घनकचरा नियमांतच ओला, सुका आणि घरातला घातक कचरा, म्हणजे बॅटऱ्या, ट्यूबलाईट, संपलेली औषधं, असं तीन वेगळं करून द्यायची जबाबदारी आपल्यावरच टाकली होती. मी बाकड्यावर बसून सगळे नियम सांगायचो, हा सोडून.

डासांचंपण तसंच. पावसाळा आला की बाकड्यावर एकच मागणी, धूर मारा, फॉगिंग करा. धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातनं एक दिवस ठरवून पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करायच्या, आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, ब्रशनं घासायचं. ज्यानं फ्रिजमागचा ट्रे आयुष्यात बघितला नाही त्यानं फॉगिंगचा अर्ज माझ्याकडं आणला की मी आधी हे विचारतो. गिऱ्हाईक जातं कधी कधी.

मग एका माणसाशी बोला. एकाच.

बोर्ड लावू नका. ‘येथे कचरा टाकू नये’ लिहिलेल्या बोर्डाखाली जेवढा कचरा असतो तेवढा दुसरीकडं कुठं नसतो, लोकांना जागा कळते. देवाच्या टाईल्सपण लावू नका, मला ते आवडत नाही, देवाला कशाला वॉचमन करायचं.

मी एका वहिनींशी बोललो, त्या साडेसातच्या बसनं मिरजेला जातात. ‘वहिनी, कचरा का टाकता’ असं विचारलं नाही, विचारलं असतं तर आजपर्यंत बोलल्या नसत्या. म्हटलं, ‘वहिनी, मी सातला दुकान उघडतो, तुमची बादली जाता जाता माझ्या पायरीला ठेवा, गाडी आली की मी देतो, संध्याकाळी रिकामी घेऊन जावा.’ त्या आधी माझ्याकडं संशयानं बघायला लागल्या, निवडणुकीला उभारणार आहे की काय हा. मग ठेवायला लागल्या. पंधरा दिवसांत चार बादल्या झाल्या. महिन्याभरात अकरा, आणि मग मी हात जोडले, कारण झेरॉक्सला येणारा माणूस बादल्यांतनं वाट काढत यायला लागला. आता पलीकडचे पिठाच्या गिरणीवाले तात्या सहा घेतात. एकदा एका महाशयांनी बादलीत अख्खा शहाळ्यांचा ढीग ठेवला, गाडीवाला मलाच बोलला. असलं होणार.

आपल्या भागात कुठंही बसा, पत्री सरकारचा विषय निघतोच. १९४३ ला इथल्या माणसांनी इंग्रजाला बाजूला सारून आपलं सरकार चालवलं, नाना पाटील, तुफान सेना, ऐकताना अंगावर काटा येतो. पण आम्हाला त्यातला फक्त पत्रीचा, म्हणजे शिक्षेचा भाग पाठ. गावात बसून बांधाच्या भांडणांचे निवाडे करणं, कमी खर्चात लग्नं लावणं, दारू बंद करणं, ही रोजची किरकिरीची कामंपण तीच माणसं करत होती. ते कोण रंगवून सांगत नाही.

आता त्यांचा वाटा: अर्ज

आपलं करून झालं म्हणजे त्यांना सोडून द्यायचं असं अजिबात नाही. घरपट्टी मी भरतो. मला आयुष्यभर अकरा बादल्या सांभाळायच्या नाहीत. पण आता माझ्या हातात वही होती, आणि वही असलेला माणूस काउंटरला वेगळा दिसतो.

अर्जात एकच विषय. हुद्द्याच्या नावानं लिहायचा, माणसाच्या नावानं नाही, साहेब बदलतात. ‘विषय: अमुक गल्लीतील घंटागाडीची वेळ सकाळी ७.३० करणेबाबत. महोदय, वरील गल्लीत ४१ घरे असून त्यापैकी १९ घरे सकाळी ८ पूर्वी बंद होतात. घंटागाडी ९ नंतर येत असल्याने डीपीजवळ कचरा साठतो. सोबत आठ दिवसांची नोंद व फोटो जोडला आहे. तरी वेळ बदलून मिळावी ही विनंती.’ खाली सह्या, तारीख, फोन नंबर. ‘निष्क्रिय’, ‘भ्रष्ट’, ‘अन्यथा तीव्र आंदोलन’ यातलं काय नाही. वाचणारा क्लार्कपण माणूसच आहे, पहिल्या ओळीत शिवी खाल्ली की तो दुसरी वाचत नाही.

दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसऱ्यावर शिक्का, सही आणि आवक नंबर घ्यायचा. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलेलाच नाही असं समजा. पंधरा-वीस दिवसांनी तो नंबर घेऊन जायचं आणि एवढंच विचारायचं, ‘हा कुणाच्या टेबलावर आहे?’

माझ्या अर्जाचं दीड महिना काय झालं नाही. मग माहितीचा अधिकार. हा कायदा २००५ चा, पण लोक तो चुकीचा वापरतात, ‘आमचा कचरा का उचलत नाही’ असं विचारतात. ‘का’ विचारलं की उत्तर मिळत नाही, तिथं कागद मागायचा असतो. मी मागितलं: आमच्या प्रभागातल्या घंटागाडीच्या मार्गाच्या आणि वेळापत्रकाच्या कागदाची प्रत. आपल्या महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तोपण नाही, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, विचारलं तरी सांगू नका. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. प्रतीचे पानाला दोन रुपये. माझ्याकडंपण तेवढेच पडतात, म्हणून सांगतो.

सत्ताविसाव्या दिवशी एक पान आलं. त्यात आमच्या गल्लीची वेळ काय लिहिलेली? सकाळी ७.१५. म्हणजे वेळ बदलायची मागणीच नव्हती, कागदावर होती तीच पाळा एवढं म्हणायचं होतं. ते पान जोडून दुसरा अर्ज दिला, चार ओळींचा. आता गाडी आठवड्यातनं चार-पाच दिवस पावणेआठच्या आत येते. उरलेल्या दिवशी बादल्या आहेत.

हे करू नका

गटार तुंबलं तर काठीनं तोंडावरची पिशवी काढणं वेगळं, पण चेंबरमध्ये उतरायचं नाही, कोणाला पैसे देऊन उतरवायचं तर अजिबात नाही. आत विषारी वायू असतो, माणूस ओरडायच्या आत जातो, आणि कोणाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ढीग पेटवायचा नाही. झाडणाऱ्या मावशी दोन मिनिटं सावलीत बसल्या म्हणून त्यांचा व्हिडिओ काढून टाकायचा नाही, सिस्टीम म्हणजे त्या नव्हेत.

आणि पुराचं काय?

हा प्रश्न सांगलीत येणारच, आणि बरोबर आहे. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, माझं मशीन गेलं, लॅमिनेशन गेलं, आणि पुढचे चार महिने मी दुसऱ्याच्या मशीनवर लोकांचे भिजलेले रेशनकार्ड वाळवून कॉपी काढत होतो. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटरवरनं ५२४ करायचा वाद, कोयनेचा विसर्ग, नदीकाठची बांधकामं, हे काय माझ्या बादलीत मावत नाही. तिथं मोठ्यानं बोलायलाच पाहिजे, सगळ्यांनी मिळून बोलायला पाहिजे, मोर्चा निघाला तर मी जातो.

पण तिथंपण कापून एक तुकडा हाताला लागतो. आयर्विनला चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. सूर्यवंशी प्लॉटात आधी पाणी येतं हेपण सगळ्यांना माहीत. पण *आपल्या* उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा आयर्विनला किती फूट असतं, हा आकडा विचारा, निम्म्या घरात सांगता येत नाही. म्हाताऱ्यांना विचारा, २००५ ला कुठंपर्यंत होतं, २०२१ ला कुठंपर्यंत. तो आकडा दाराच्या चौकटीवर रंगानं लिहा. माझ्या शटरच्या खांबावर लिहिलाय. आणि त्याच्या पाच फूट आधी काय काय वर न्यायचं त्याची यादी आतल्या बाजूला, मशीन उचलायला चार माणसं लागतात म्हणून त्या चौघांचे फोन नंबरपण तिथंच. कागदपत्रं एका झिपवाल्या पिशवीत, माळ्यावर, आणि फोटो डिजिलॉकरला किंवा निदान बहिणीच्या फोनमध्ये, जी पुरात नाही. एका दुपारचं काम आहे. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा मशीन वर होतं.

ढीग गेला का? डीपीखालचा गेला. पण खरं सांगायचं तर त्यातला थोडा पुढच्या कोपऱ्यावर सरकला, दुसऱ्या गल्लीच्या तोंडाला. परवा तिथले एक आण्णा आले, दोन पानी अर्ज घेऊन, वर ठळक अक्षरात निषेध, खाली बारा मागण्या, ‘पाच कॉप्या काढा, कलेक्टरलापण देतो.’ मी कागद काचेवर ठेवला आणि विचारलं, ‘आण्णा, कचरा पडतो किती वाजता?’

म्हणाले, ‘ते मला कसं माहीत असणार?’

मी वही पुढं केली, कोरी, दहा रुपयांची, माझ्याकडं विकायला असतात. म्हटलं आठ दिवस जरा गॅलरीत चहा घेत बसा की.

ते म्हणाले, ‘तुम्ही कॉप्या काढता का नाही?’

काढल्या. पाच कॉप्या, दोन पानं, वीस रुपये. वही नेली नाही.